पाहुण्यांचा दाब आणि पेंढ्यातला भात

तमाम जनतेस कळवण्यात येते की, या घरातील भात शिजवण्याची जबाबदारी आजपासून स्टोव्हकडून काढून घेण्यात आली असून ती एका देवदारी खोक्याकडे सोपवण्यात आली आहे. त्यात कोणीही ढवळाढवळ करू नये.

वडिलांनी ही घोषणा उभं राहून केली. तमाम जनता म्हणजे आई आणि मी.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती टंचाईची वर्षं. भाईंदरला केबिन रोडजवळ आमची दीड खोली, आणि रॉकेलच्या रांगेत निम्मं आयुष्य. वडिलांना कचेरीत कुणीतरी सांगितलं होतं की भाताला सणसणीत उकळी आणायची, झाकण लावायचं आणि पातेलं पेंढ्यात पुरून ठेवायचं. उरलेलं काम भात आपला आपण करतो. पेंढा दिला तारोडीहून मासळी विकायला येणाऱ्या मावशीनं. "आमच्यात ह्यो म्हशीला घालतात," ती म्हणाली, "तुमच्यात भाताला घालतात. बरा हाय!"

खोक्यात पेंढा ठासून दोन पातेल्यांपुरती दोन घरटी केली. वर जुन्या लुगड्याची उशी, तिच्यावर फळी, आणि फळीवर दाबाला पाटा. दोन तास उघडायचं नाही. आईनं पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात उघडून पाहिलं. त्या रात्री आम्ही टचटचीत भात खाल्ला. वडिलांनी तर हट्टानं दोनदा मागून घेतला. पुढे भात मोकळा, मऊ व्हायला लागला, तशी आईची तक्रार आणखी वाढली, कारण आता खोड काढायला जागाच उरली नव्हती.

अशात मला बघायला पाहुणे यायचं ठरलं.

मुलाचा फोटो मी पाहिला होता. हसायचं नाही म्हणून त्यानं ओठ घट्ट मिटले होते, आणि हसू डोळ्यांतून सांडत होतं. मला हाच मुलगा हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मायलेक गिरगावातून यायचे होते, रविवारी, जेवायलाच. घरात रॉकेल तळाला गेलेलं. पोहे आणि चहा स्टोव्हवर, भात आणि वरण खोक्यात, अशी वाटणी झाली. आईची अट एकच. "पेंढ्याचं नाव काढायचं नाही. गुरांच्या चाऱ्यात शिजवून घालतात म्हणून सोयरीक मोडेल!" स्वयंपाकघरात खोक्याला जागा नव्हती, म्हणून ते बाहेरच्या खोलीत. आईनं पाटा काढून टाकला आणि खोक्यावर भरतकामाची चादर अंथरली. पाटा गेला म्हणून वडील कष्टी झाले.

साडेदहाला पाहुणे आले. मुलाची आई चांगली भरभक्कम बाई. तिनं सतरंजीकडे पाहिलं. "मला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही हो," म्हणाली, आणि थेट खोक्यावर बसली.

वडील आत आले ते फुलूनच. "अगं, पाट्यापेक्षा झकास दाब पडलाय!"

"दाब पडलाय, पण जेवण कसं काढणार?" आई कुजबुजली.

पोहे झाले, चहा झाला. साडेबारा वाजले. आईनं शेजारून खुर्ची मागून आणली आणि आर्जव केलं, "इकडे खुर्चीवर बसा ना, वारा येतो."

"नको हो. इथे गुडघ्यांना कशी छान ऊब लागतेय!"

वडिलांचा चेहरा खाडकन उतरला. ऊब बाहेर लागते म्हणजे पेंढा कमी पडला! ते उरलेला वेळ त्या बाईंकडे गळक्या नळाकडे बघावं तसे बघत होते.

वेळ काढायला आईनं दुसऱ्यांदा चहा केला, मग तिसऱ्यांदा. भात न शिजवून वाचवलेलं सगळं रॉकेल चहात जळालं. मुलाच्या पोटात गुडगुडलं. त्यानं ते खोकून झाकलं. मी मान खाली घालून सतरंजीच्या रेघा मोजत होते. आता हे लोक उपाशी परत जाणार, आणि ते डोळे मला पुन्हा दिसणार नाहीत.

दीड वाजता मुलाच्या आईनं खोक्यावरूनच परीक्षा घेतली. "काय गं, स्वयंपाक येतो का?"

आईनं उत्तर घोकून घेतलं होतं: हो, सगळं येतं. एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. माझ्या तोंडून निघालं, "येतो, पण तुम्ही उठल्याशिवाय वाढता येत नाही!"

आईनं पदर तोंडाला लावला. मुलगा मात्र हसला, फोटोत दाबून ठेवलेलं सगळं. आणि सकाळपासून कोंडलेले वडील सुटले. त्यांनी हात धरून बाईंना उठवलं, चादर ओढली, फळी काढली, आणि उकळीपासून पेंढ्यापर्यंत अख्खं शास्त्र एका दमात सांगून टाकलं. झाकण उघडलं तर भाताचं शीत न् शीत मोकळं, वर वाफ.

लग्न वैशाखात झालं, आणि खोकं माझ्याबरोबर सासरी गेलं. पण त्या दुपारी, पेंढ्यातल्या पातेल्याकडे टक लावून पाहत माझ्या होणाऱ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे मुलगी बघायला येऊन स्वयंपाक मीच केला की!"