बारसं राहून गेलेली लेक

मथुरा माझी भावजय. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी आजबी ऐकून घ्यायची न्हाय, आधीच सांगते. तोंडानं मी फाटकी हाय, समद्या जळकोटाला ठावं हाय. ही कमल बोलायला लागली की बाप्ये उठून जात्यात.

ती कानडी मुलखातली. माहेरचं नाव लक्ष्मम्मा. माझ्या भावाशी, बलभीमाशी लगीन लागलं तवा तांदळात नवं नाव काढलं आन तिची मथुरा झाली. चवदा वर्साची पोर. पयले सा म्हैने 'मथुरा' म्हणून हाक मारली की वळूनच बघायची न्हाय. आई चिडायची, 'भैरी हाय का काय गं ही?' आन मी फिदीफिदी हसायची. आपलं नाव मागं टाकून येणं म्हंजी काय, हे तिला कुणी इचारलं न्हाय. म्याबी न्हाय.

आता मला तर नावांचं लहानपणापासून येड. कुणाचं नाव काय, ते का ठिवलं, लोकांना इचारत फिरायची. आमच्या बापाच्या आधी चार पोरं दगावली, म्हणून त्याला दगडोबा म्हणले. दगडाला कोण न्यायला बसलंय? बलभीम मारुतीच्या नवसाचा. शेजारच्या कुणब्याच्या पोराचं नाव फकीर, दर्ग्याला बोलून झालेला म्हणून. कानडीत नावाच्या मागं 'अम्मा' लागती, आमच्यात 'बाई', मुसलमानांत बीबीतलं 'बी'. बाई एकच, शेपूट ज्या त्या घरचं.

हे समदं खरं कुणाला ठावं असंल तर शांतलिंग हेळव्याला. सुगी झाली की बैलावर बसून यायचा. दारात बसून आमच्या घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणायचा, नवी पोरं झाली असतील ती जोडून घ्यायचा आन सूपभर जवारी घेऊन पुढच्या गावाला जायचा. तोबी कानडी मुलखातलाच, येशीतूनच हाक, 'लक्ष्मम्मा!' त्या नावानं तिला हाक मारणारं इकडं दुसरं कुणी नव्हतंच. भाकर तव्यावर टाकून पळायची येडी, करपली तरी तिचं ध्यान नसायचं.

आता माझं सांगते. सांगावं वाटत न्हाय, पण सांगते.

मला नळदुर्गाला दिलेली. एका साली पंचमीला भावानं मला न्यायला मुराळी धाडला न्हाय. मी रुसले. त्याच साली मथुराला पयली लेक झाली आन बारशाचं बोलावणं आलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं बाळाच्या कानात सांगितल्याबिगर आमच्यात नाव व्हत न्हाय. म्या निरोप्याला म्हणलं, 'आता बरी आठवण झाली बहिणीची! सांग जा, येत न्हाय.' मनात व्हतं, भाऊ सोता येईल, हातापाया पडंल, मग जाईन. नाव तर म्या कवाच ठरवून ठिवलं व्हतं. तिकडं माझ्यापायी बारसं लांबवत गेले. बाराव्याचं पंधराव्यावर, पंधराव्याचं अठराव्यावर. सतराव्या दिशी पोर तापानं गेली. बिननावाची. घरामागं आमच्याच शेताच्या बांधाला पुरली.

पुढं माझा नवरा गेला आन मी त्याच घरी परत आले. मथुरा मला एका शब्दानं बोलली न्हाय. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. पुढं तिला दोन ल्योक झाले, त्यांची नावं तिनं मलाच पुढं करून ठेवायला लावली. पण दर साली शांतलिंग आला की ती म्हणायची, 'आप्पा, माझ्या लेकीला घ्या की ह्यात.'

'कुठल्या नावानं घेऊ, अव्वा?' तो म्हणायचा. 'ज्या नावानं कुणी हाक मारली न्हाय, ते नाव न्हवं. आत्या कुठाय तिची?'

'लई लांब दिलीय,' मथुरा म्हणायची.

आन मी तितंच, चार हातांवर, जवारी पाखडत बसलेली! म्हातारा काय खुळा व्हता? त्याला समदं ठावं असणार. पण माझ्याकडं मान वळवायचा न्हाय. मीबी खाली मुंडी घालून पाखडत राहायची.

रझाकारांच्या साली तो आलाच न्हाय. वाटा बंद, गावात भ्या. मथुरा मातर रोज येशीकडं बघायची. एकदाच बोलली, 'म्हातारा गेला तर वन्सं, माझ्या पोरीला कोण घेईल?'

पुढच्या सुगीला, निजामाचं राज गेल्यावर, तो आला. पार वाळलेला. मथुरानं इचारलं, त्यानं तेच म्हणलं, 'आत्या कुठाय तिची?' मथुरानं तोंड उघडायच्या आधी म्या सूप टाकलं.

'हितं हाय! मीच ती करंटी. हिला कशाला इचारता, मला इचारा!' आन मथुराकडं वळले. 'बोल बाई, तुझ्या मनात काय नाव हाय? तेच ठिवते.'

'माझ्या मनात कुठलं, वन्सं? मान तुमचा. म्या ठिवलंच न्हाय. तुमी येणार म्हणून थांबले व्हते.'

बारा वर्सं! बारा वर्सं ही बाई लेकीला आठवत राहिली, तीबी नावाबिगर. किती रडले ते सांगत न्हाय.

बाळाचा कान नव्हता, म्हणून आईच्याच कानाला लागले आन तवा ठरवलेलं नाव सांगितलं. 'कुर्र... उमा.' शांतलिंगानं डोळे मिटले आन म्हणलं, 'दगडोबाचा बलभीम, बलभीमाची थोरली उमा.'

मथुरा उठून मागच्या दारी गेली. बांधाकडं तोंड केलं. 'उमे!' म्हणाली. मग जरा मोठ्यानं, 'अगं उमे!' तिसऱ्या बारीला तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला. ती हाक म्या मारली.