पंप सरकारचो, मशीन कंपनीचा

मंडळी, दवाखान्यातून आत्ताच घरी पोचलो. सौ. झोपली आहे, म्हणून चार ओळी लिहितो.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिचं डायलिसिस फुकट होतं. जागा आणि पाणी सरकारचं, मशीन आणि माणसं कंपनीची. हे सुरू झालं म्हणून ती आज आहे. कोल्हापूरच्या खेपा आम्हाला झेपल्या नसत्या.

आज पाण्याचा पंपच बंद. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, पंप सरकारचा, आम्हाला हात लावता येत नाही." ऑफिसात गेलो, तर साहेब म्हणाले, "ते सगळं कंपनी बघते." इकडे सौ.चे पाय सुजलेले, श्वास जड. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत.

शेवटी बाबुलीदादा, तेही तिथलेच पेशंट, ऑफिसच्या दारासमोर उभे राहिले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, पंप सरकारचो, मशीन कंपनीचा, पण रगत आमचा मा? दोघांकाय एक बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकांवरचे सगळे म्हणाले.

साहेब बाहेर आले. इथलेच ते, सवयीने त्यांचेही हात जोडले गेले. मग त्यांनीच वायरमनला फोन लावला.

दुपारी मशीन चालू झालं. परवा पुन्हा जायचं आहे.

देवळात गाऱ्हाणं ऐकायला समोर एकच देव असतो. इथे दोघांपैकी कोणाला हाक मारायची, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. दर खेपेला देवाला किती त्रास देणार?