शंभर गेमची कॅसेट
लहानपणी शेजारच्या मित्राने मला धडधडीत फसवलं. लालबागच्या मसाला कुटायच्या डंकावर मिरची कुटायला लागले, की ठसक्याबरोबर ती दुपार आठवते. खालच्या डंकाचा ठसका झेलत चाळीच्या गॅलरीत तासभर घासाघीस करून मी माझी लाडकी बॅट दिली आणि त्याची शंभर व्हिडिओ गेमची कॅसेट घेतली. घरी लावून बघतो, तर चारच गेम नावं बदलून पुन्हापुन्हा येत होते! भांडायला गेलो, तर म्हणाला, “शंभर नावं आहेत ना रे? मोज!” वर रोज संध्याकाळी बॅट काखोटीला मारून माझ्याकडेच खेळायला यायचा, आणि मीही दुसरा रिमोट त्याच्याशिवाय कुणाला देत नसे. इतक्या वर्षांनी काल म्हणाला, “नवा कन्सोल येतोय, भागीदारीत घेऊ. माझ्या घरी ठेवू.” घेऊ रे, पण आधी माझ्या बॅटचं बोल!