सुचेताची फियाट आणि दोन इंजिनिअर

सुचेताला नागपूर सोडून बेंगळुरात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिने एक गोष्ट पक्की हेरली होती. या गावात बिघडलेली वस्तू लवकर दुरुस्त होत नाही, कारण घरटी एक इंजिनिअर असतो. नागपुरात पंखा बंद पडला की तिचे वडील कोपऱ्यावरच्या माणसाला हाक मारत आणि जेवणाआधी पंखा फिरू लागे. इथे इंदिरानगरात पंखा बंद पडला की तिचा नवरा श्रीरंग आधी तो का बंद पडला याची कागदावर आकृती काढी, आणि तोवर घरातली माणसं त्याच कागदाने वारा घेत.

श्रीरंग पुण्याचा. टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. माणूस हुशार, निर्व्यसनी आणि प्रेमळ. दोष एवढाच, की त्याला प्रत्येक गोष्ट सुधारायची असे. ज्यांना सुधारायची गरज नाही त्या तर आधी.

सुचेता फिजिओथेरपिस्ट होती. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात एका मोठ्या रुग्णालयाने तिला हवी तशी नोकरी देऊ केली. अर्धांगवायू झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, असे अंथरुणाला खिळलेले रुग्ण घरी जाऊन तपासायचे आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. इंदिरानगरपासून पार महादेवपुऱ्यापर्यंतचा भाग तिचा. अट एकच. गाडी स्वतःची हवी आणि चालवायचा परवाना हवा. "तीस जूनपर्यंत लायसन्स दाखवा, एक जुलैला रुजू व्हा," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर यादीत दुसरी मुलगी आहेच."

तिचं शिकाऊ लायसन्स अठ्ठावीस जूनला संपत होतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा मिळाली सव्वीसची, गुरुवारी. ती चुकली तर पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा महिनाभर थांबणं, आणि नोकरी दुसऱ्या मुलीला. हिशोब इतका सोपा होता की त्याला इंजिनिअरची गरज नव्हती.

गाडीही होती. एका निवृत्त कर्नलसाहेबांकडून घेतलेली जुनी पांढरी फियाट. कर्नलसाहेबांनी ती घोड्यासारखी सांभाळली होती आणि तिचे सगळे दिवे लागत होते. म्हणजे श्रीरंगच्या हाती पडेपर्यंत लागत होते.

झालं असं, की एका संध्याकाळी सराव करताना सुचेताने उजवीकडे वळायचा इंडिकेटर दिला आणि गाडी बंद पडली. श्रीरंग शेजारी बसला होता. गाडी बंद का पडली हे त्याने क्लचच्या रचनेपासून समजावून सांगायला घेतलं. सांगून झालं तेव्हा बॅटरी उतरली होती.

"इंडिकेटर चालू राहिला ना तुझा," श्रीरंग म्हणाला.

"आणि तू किती वेळ चालू होतास?"

"तो मुद्दा नाही, सुचे. यातला एकेक बल्ब पावणेदोन अँपियर खातो. खातो! आणि त्यातली बरीचशी वीज नुसती गरम होण्यात जाते. उजेड थोडा, उष्णता फार."

"ओळखीचं वाटतंय," सुचेता म्हणाली, आणि गाडी ढकलायला उतरली.

पुढच्या शनिवारी श्रीरंग एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून शंभरेक पिवळे एलईडी घेऊन आला. ऑफिसातल्या यंत्रांवर मिणमिणणारे ते ज्वारीच्या दाण्याएवढे दिवे. तसले चोवीस दिवे एका पट्टीवर जोडायचे, अशा चार पट्ट्या करायच्या, आणि पुढचेमागचे चारही बल्ब काढून त्या बसवायच्या. पावणेदोन अँपियरचं काम सव्वाशे मिलीअँपियरमध्ये! मदतीला ऑफिसातला अद्वैत आला. तो मुंबईचा, गुणवत्ता विभागातला. त्यांच्या कंपनीला त्याच वर्षी गुणवत्तेचं परदेशी प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यामुळे फॉर्म भरल्याशिवाय अद्वैतला चहासुद्धा गोड लागत नसे. त्याने एक फाईल केली. वर लिहिलं, 'फियाट: सुधारणा क्रमांक एक'.

पहिल्या रविवारी दिवे बसले. जुने होल्डर आड येत होते म्हणून श्रीरंगने ते मुळासकट कापून टाकले. मग दोघं गाडीमागे उभे राहिले आणि सुचेताने आत बसून इंडिकेटरची दांडी खाली केली. पिवळाधमक उजेड पडला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे, पण तो लुकलुकत नाहीये," सुचेता आतून म्हणाली. "टिकटिकही ऐकू येत नाही."

खरंच, दिवा लागला तो लागलाच. उघडझाप नावाला नाही. देवापुढच्या समईसारखा स्थिर तेवत होता. अद्वैतने फाईलमध्ये नोंद केली, 'उजेड: उत्तम. उघडझाप: निरीक्षणाखाली.' निरीक्षण पोहे संपेपर्यंत चाललं.

दुसऱ्या रविवारी कारण सापडलं. डॅशबोर्डखाली ॲल्युमिनियमची एक छोटी डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात. तिच्यात दोन धातूंची पट्टी असते. बल्बकडे जाणाऱ्या विजेने पट्टी तापते, वाकते आणि जोड तोडते. निवली की पुन्हा जोडते. तीच ती टिकटिक. एलईडी इतकी कमी वीज ओढत होते की पट्टीला ऊबसुद्धा येत नव्हती. श्रीरंगने हे इतकं सुंदर समजावून सांगितलं की क्षणभर सुचेताला दिवा दुरुस्त झाल्यासारखंच वाटलं.

"मग आता?"

"आता सोपंय. एलईडीच्या जोडीला एकेक रेझिस्टर टाकायचा. तो भरपूर वीज ओढेल, पट्टी तापेल, दिवा लुकलुकेल."

"म्हणजे एलईडीने जी वीज वाचवली, ती जाळायला आणखी एक वस्तू बसवायची?"

दोघा इंजिनिअरांनी एकमेकांकडे पाहिलं. "तांत्रिक भाषेत आपण तसं म्हणत नाही, वहिनी," अद्वैत म्हणाला.

तिसऱ्या रविवारी रेझिस्टर बसले. मागचा उजवा दिवा चांगला तीन मिनिटं लुकलुकला. मग जळका वास आला आणि दिव्यावरचं पिवळं प्लास्टिक उन्हातल्या गुळासारखं मऊ होऊन खाली ओघळलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, पण इथे पखालही फुटली. रेझिस्टर निघाले, फाईलमध्ये 'सुधारणा क्रमांक तीन' सुरू झाली, आणि कॅलेंडरवर बावीस तारीख उलटली.

"कोपऱ्यावरच्या देवाप्पांना बोलावू या का?" सुचेताने विचारलं.

श्रीरंगचा चेहरा असा झाला, की जणू तिने घटस्फोट मागितला. "घरात दोन इंजिनिअर असताना सातवी पास वायरमन? अगं, रविवारी संपवतो मी."

"रविवारी एकोणतीस आहे. माझी परीक्षा गुरुवारी."

"मग पुढची तारीख घे ना. तारखा पुढे जातातच, सुचे. आमच्याकडे तर एकही गोष्ट ठरल्या तारखेला..."

सुचेता काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं, हे श्रीरंगला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून गुरुवारी पहाटे उठून काहीतरी करतो, असं वचन त्याने दिलं. गुरुवारी पहाटे ऑफिसातून फोन आला, परदेशी गिऱ्हाईक एक दिवस आधीच येऊन थडकलं होतं. श्रीरंग टाय बांधत बांधत कंपनीच्या बसकडे पळाला.

नऊ वाजले होते. परीक्षा अकराला. सुचेताने चपला घातल्या आणि थेट कोपरा गाठला.

देवाप्पा मूळचे निपाणीचे. वीस वर्षं याच कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंग करत होते. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरी मराठी, आणि गाडीशी दोन्हीतल्या शिव्या. ते पिशवी घेऊन आले, मागच्या दिव्याचा स्क्रू काढला आणि आत डोकावले.

"अक्का, हे कुणी केलंय ओ?"

"घरच्यांनी."

"इंजिनिअर हाईत?"

"दोन."

"तरीच. एकट्याच्यानं एवढं होत न्हाई."

सुचेताला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. तिने घड्याळ दाखवलं, परीक्षा सांगितली, नोकरी सांगितली. देवाप्पांनी विडी विझवली.

"बघा, ही पट्टीची डबी जुनी. हिला वजन पायजे. वजन न्हाई तर ती हलत न्हाई."

"म्हणजे पेशंटच्या पायाला वाळूची पिशवी बांधतो तसं?"

"ते मला काय ठाऊक न्हाई. पण असंल. तीन तारांची इलेक्ट्रॉनिक डबी येते, तिला वजन लागत न्हाई, आतल्या आत मोजून उघडझाप करते. खरं औषध तेच. पण ती जे. सी. रोडच्या बाजारात. जाऊन येईपर्यंत तुमचा परीक्षेचा साहेब जेवायला जाईल."

"जुने बल्ब परत घालता येतील?"

"घालायचे कशात? होल्डर कापलेत न्हवं, विद्वानांनी."

मग देवाप्पांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. शेडमधून चार नवे बल्ब, चार होल्डर आणि बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणला. डब्यात चारही बल्ब बसवले, दोन डाव्या इंडिकेटरच्या तारेवर, दोन उजव्या. उजवीकडे पेडलांची दाटी, म्हणून डबा डावीकडच्या सीटसमोर डॅशबोर्डखाली बांधला. "लावा बघू."

सुचेताने दांडी खाली केली. टिक, टिक, टिक. बाहेर एलईडी लुकलुकले. आत डब्यातही दोन बल्ब लुकलुकले. गाडीत दिवाळी आणि बाहेर भाऊबीज.

"एक ध्यानात ठेवा," देवाप्पा म्हणाले. "फार वेळ चालू ठेवू नका. डबा तापतो. वळलं की बंद."

आरटीओपर्यंत तेच शेजारी बसून आले, पाय सीटवर दुमडून.

परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर शिवाप्पा उंच, जाडजूड आणि कमी बोलणारे होते. ते देवाप्पांच्या जागी बसले. पाय लांब होते, ते थेट डब्याला टेकले. "स्वल्प पुढे घ्या," ते कानडी मिसळलेल्या हिंदीत म्हणाले. सुचेताने पुढे घेतली. चढावर थांबवून पुन्हा निघाली, मागे घेतली, दोन खांबांमध्ये लावून दाखवली. सगळं नीट झालं. सहा महिन्यांची मेहनत होती, ती कुणी सुधारली नव्हती.

"आता डावीकडे, बाहेरच्या रस्त्याला."

तिने इंडिकेटर दिला. इन्स्पेक्टरांच्या बुटांवर पिवळा उजेड पडू लागला. त्यांनी वाकून पाहिलं. आणि नेमक्या त्याच वेळी फाटकात विटांचा लॉरीवाला आडवा घुसला आणि तिथेच अडकला. ना पुढे, ना मागे. सुचेता थांबली. टिक, टिक. अर्धं मिनिट. एक मिनिट. डब्यावरच्या रंगाचा वास सुटला. इंडिकेटर बंद करावा तर वळणावर इशारा नाही म्हणून नापास. चालू ठेवावा तर इन्स्पेक्टरांच्या पायाशी होळी. दोन मिनिटं होत आली.

"सर," ती शेवटी म्हणाली, "पाय मागे घ्या. तो डबा तापतो."

"काय आहे त्यात?"

"बल्ब."

"कशाला?"

"बाहेरचे दिवे लुकलुकावेत म्हणून, सर."

इन्स्पेक्टरांनी पाय मागे घेतले. तिच्याकडे पाहिलं. "यजमान काय करतात?"

"इंजिनिअर आहेत."

"हां." रुग्णाचा आजार कळल्यावर डॉक्टर जसा मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली. "माझा जावई पण. घरी टाकीचा पंप आपोआप बंद व्हायची सोय केली. आता आपोआप चालूच होत नाही." मग कागदावर पेन टेकवत म्हणाले, "दिवा बंद करा. हात बाहेर काढून इशारा द्या. तोही नियमात बसतो."

लॉरी हलली. सुचेताने उजवा हात खिडकीबाहेर काढून तो डावीकडे वळायच्या खुणेने गोल फिरवला आणि गाडी अलगद वळवली. इन्स्पेक्टरांनी सही केली. उतरताना एवढंच म्हणाले, "डबा काढून टाका. आणि यजमानांना गाडीपासून दूर ठेवा."

शनिवारी ती देवाप्पांना शेजारी बसवून, पक्कं लायसन्स पर्समध्ये ठेवून, जे. सी. रोडला गेली. तीन तारांची डबी आणली. कुठली तार बॅटरीची, कुठली दिव्याकडची आणि कुठली गाडीच्या पत्र्याला टेकवायची, हे देवाप्पांनी दाखवलं. स्क्रू तिने पिळले. दहा मिनिटांत काम संपलं. बिस्किटांचा डबा निघाला, आणि एलईडी एकसारखे, थंडपणे लुकलुकू लागले.

श्रीरंगने खाली येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. "मीही हेच सुचवणार होतो," तो म्हणाला. "चौथ्या सुधारणेत."

"माहीत आहे मला," सुचेता म्हणाली, आणि गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. तेव्हापासून ती किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर कधी दिसली नाही.

मंगळवारी एक जुलैला ती महादेवपुऱ्यातल्या पहिल्या रुग्णाच्या दारात उभी होती. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, उजवा हात लुळा पडलेला. तिने पिशवी ठेवायच्या आत ते सांगू लागले. मेंदूतून निघालेला संदेश नेमका कुठे अडतो, कोणती नस किती टक्के काम करते. डाव्या हाताने त्यांनी वहीत आकृतीही काढून ठेवली होती. खाली त्यांची सही, पदव्या आणि हुद्दा. चीफ इंजिनिअर.

सुचेताने ती आकृती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग तिने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काका, आता हात उचलू या. बाकीचं तुम्ही उचलता उचलता सांगा."