थेआनोबाईंच्या घरची तिसरी क्लिमेने

अथेन्सात थेआनोबाईंच्या घरी पाणी भरणाऱ्या दासीचं नाव क्लिमेनेच असायचं. आधीची क्लिमेने तापानं गेली, तेव्हा थ्रेसहून विकत आणलेल्या झैकाला ते मिळालं, जुनी चुंबळ नव्या डोक्यावर ठेवावी तसं. झैका तेव्हा पोरसवदा होती. आता तिचे गुडघे गेले, विहिरीवरून येताना अर्धं पाणी अंगावर सांडायला लागलं, आणि मालकिणीनं कारियाची एक तरणी मुलगी विकत आणली.

नव्या दासीला चुलीपाशी बसवून डोक्यावर सुके अंजीर, खजूर नि अक्रोड ओततात, घराची भरभराट व्हावी म्हणून. मग बाकीच्या दासी ते झडप घालून वेचतात. मुलगी मान खाली घालून बसली होती. थेआनोबाईंनी टोपली उपडी केली आणि म्हणाल्या, "आजपासून तू क्लिमेने."

झैकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "क्लिमेने मी आहे, मालकीणबाई. अजून मेले नाही."

"तुला नुसतं म्हातारे म्हटलं तरी पुरे." बाई हसल्या. "पुराणात समुद्राची लेक क्लिमेने, सूर्यापासून पोर झालेली क्लिमेने, हेलेन राणीची दासीही क्लिमेने. तिथं कुणाचं अडलं नाही, मग तुझंच काय अडतंय गं?"

"त्यातली दासी तेवढी आमच्या वाट्याला," झैका पुटपुटली. चुलीपुढचा एकही अंजीर तिनं उचलला नाही. जे नाव तिला जन्मभर सललं, ते काढून घेतल्याचा तिला संताप आला होता, आणि असा संताप यावा याची तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं मुलीला दरडावून विचारलं, "आईनं काय नाव ठेवलं होतं तुझं?"

"आदा."

"मी झैका. घराबाहेर मला याच नावानं हाक मारायची. समजलं?"

आदानं ते मनावर घेतलं. दुसऱ्याच सकाळी ती विहिरीपलीकडून हाका मारत सुटली. झैका खाली बसून घडा घासत होती, ती घासतच राहिली. शेवटी आदानं येऊन तिचा खांदा हलवला.

"मावशी, कधीची झैका, झैका करतेय. ऐकू येत नाही का?"

ऐकू सगळं येत होतं. क्लिमेने म्हणून कुणी नुसतं कुजबुजलं असतं, तरी ती चटकन उठली असती. तिनं हातातला घडा विहिरीच्या कठड्यावर आपटून फोडला. त्यासाठी संध्याकाळी मार खाल्ला.

तेव्हापासून रोज सकाळी आदानं घडा भरला की झैका त्यावर हात दाबून धरायची.

"नाव सांग."

"अगं, कालच सांगितलं ना, मावशी. उशीर होतोय, बाई ओरडतील."

"ओरडू दे. आधी नाव सांग."

"आदा."

मग ती हात काढायची.