भाऊजींच्या मशीनवर फोडलेला नारळ

नव्याकोऱ्या मशीनवर नारळ फोडणारी बाई आख्ख्या शिरूर तालुक्यात मी एकटीच असेन. माझे धाकटे दीर दत्तू भाऊजी तेव्हा सणसवाडीच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होते, लवकरच कायम होतील अशी घरात आशा होती. खंडेनवमीला तिथं मशीनची पूजा असते, त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडतात. तळेगाव ढमढेऱ्याहून आमच्याच रानातल्या झेंडूच्या माळा घेऊन आम्ही गेलो. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, त्यामुळे लोखंडातलं सगळं आपल्याला कळतं हा माझा तोरा. इंजिनापुढं नारळ फोडतात, मग मशीनला वेगळा न्याय का? "वहिनी, खाली फरशीवर फोडा, हितं नगं..." असं भाऊजी म्हणेपर्यंत मी हाणला होता. पाणी बटणांच्या पेटीत गेलं, आत काहीतरी चरचरलं आणि सगळे दिवे विझले. साहेब धावत आला. "किसने किया?" तोरेवाली बाई पदराचं टोक चावत उभी! भाऊजी पुढं झाले. "मेरे हाथ से हुआ, साब."

त्यांना घरी बसवलं. कधी बोलवतील, बोलवतील की नाही, कुणी सांगेना. रान एवढंसं, त्यावर दोन भावांची पोटं. भाऊजींचं लग्न नुकतंच ठरलेलं आणि मुलीकडच्यांनी होकार दिला तो रान बघून नव्हे, कंपनी बघून. रोज सकाळी ते कपडे करून चौकात उभे राहत आणि कंपनीची बस न थांबता पुढं जाई. मी खिडकीतून बघायची. प्रायश्चित्त म्हणून पुरणपोळ्या केल्या, तर म्हणाले, "साहेबालाबी एक धाडा वहिनी. बघू त्याच्या पेटीत काय जातंय!" हसले ते, पण पोळी अर्धी तशीच ताटात राहिली... दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी बस थांबली. मी खिडकीतच रडले. कायम व्हायला मात्र त्यांना पुढं कैक वर्षं लागली.

त्या एका नोकरीच्या मागं आमची गल्ली चालायला लागली. भाऊजींचे चुलतभाऊ कंपनीत चिकटले, आम्ही परसात खोल्या बांधल्या, त्यात बिहारची पोरं राहायला आली, कुणी खानावळ टाकली. झेंडूला भाव नसला तरी घरात किराणा यायचा. पण कंपनीची एक शिफ्ट बंद झाली की ते सगळ्यात आधी पिठाच्या गिरणीला कळतं, पोळ्या खाणारी तोंडं कमी होतात ना! भाऊजी पेपर वाचत नसत, गिरणीपाशी जाऊन उभे राहत. दळण दुपारीच आटपलं की घरी येऊन डब्यातले पैसे मोजत.

गेल्या महिन्यात मी दौंडला भावाकडं होते. ह्यांचा फोन आला, "दत्तू गेला." रिटायर होऊन वर्ष झालं नव्हतं. जीपमध्ये बसून आले, वाटभर मला त्यांचा चेहरा आठवेना, आठवे फक्त ती चौकातली पाठ. पहिली शिफ्ट सुटताच कंपनीतली पोरं युनिफॉर्मवरच दारात आली. रडली बिचारी. आणि अंगणात बसल्या बसल्या हळूच तेच बोलणं... मशीनची अख्खी लाइन परराज्यात हलवणार म्हणतात, खरं का? त्या लाइनवर आता भाऊजींची मुलगी सोनाली आहे. बापासारखीच, ठेकेदाराकडून.

रिटायर झाल्यावरही भाऊजी बसच्या वेळेला उठून ओट्यावर बसायचे. सोनाली गेली तरी बसून राहायचे, बसचा आवाज पार विरेपर्यंत. आता तिथं मी बसते. झोप तशीही कुठं लागते? गिरणी आठवडाभर दुपारीच बंद होते आहे. जाऊबाई आत चुलीपाशी, अजून कुणाशी धड बोलत नाहीत. परवा सोनाली ओट्यावर बुटांच्या नाड्या बांधत होती. मला राहवलं नाही. हळूच विचारलं, "सोने, लाइन गेली तर गं?"

तिनं वर न बघता दुसऱ्या बुटात पाय घातला.

"मोठ्या आई, लाइन गेली तर मी तिच्यामागं जाणार. साहेबानं इचारलंय, मी व्हय म्हणलेय. आईला अजून सांगितलं न्हाई... आज तुम्ही सांगा. बस आली माझी."