अप्पांची शेवटची काठी

मी जर्मनीला निघाले तो दिवस नेमका अक्षतेचा होता. गड्ड्याच्या यात्रेत आमच्या सिद्धेश्वरांचं लग्न लागतं, तो दिवस. त्या दिवशी सोलापूर सोडून कोणी जात नाही, उलट बाहेर गेलेले परत येतात. पण हे तिकीट काढणाऱ्या एजन्सीला कोण सांगणार? स्टेशनला जाताना बाळीवेशीच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबवून आई आणि मी उभ्या राहिलो. समोरून नंदीध्वज येत होते आणि त्यातली एक काठी माझ्या वडिलांनी, अप्पांनी पेलली होती. पांढरी बाराबंदी, अनवाणी पाय, मान वर. माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेले की हो, पण बघितलं नाही. असलं रडू फुटलं मला! आई म्हणाली, "अगं, नजर खाली आली की काठी जाती. बघतील कसं?" कळत होतं सगळं. तरी पुणं येईपर्यंत मी फुगूनच बसले होते.

गल्लीतल्या तुम्हा लोकांना यातलं काही सांगायला नको. पण माझ्यासारखे जे लांब गेले, त्यांच्या पोरांना सांगायला लागतं. काठी म्हणजे दुमजली घराच्याही वर जाणारा, सजवलेला बांबू. तो कमरेच्या पट्ट्यात रोवायचा, दोन्ही हातांनी सावरायचा आणि गर्दीतून चालायचं. डोळे शेंड्यावरच. पायाखाली खड्डा आहे की गटाराचं झाकण, ते पेलणाऱ्याला दिसत नाही.

अप्पा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. सायकलने जायचे, सायकलनेच यायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर सुताची कुसं बसलेली असायची, आम्ही त्यांना म्हातारा म्हणून चिडवायचो. एवढं उभ्यानं राबून आल्यावर हा माणूस चहा पिऊन परत अंगणात बैठका काढायचा. मार्गशीर्ष लागला की रोज संध्याकाळी काठीचा सराव. त्या महिन्यात आवाज चढवायचा नाही, कोणाचं वाईट बोलायचं नाही, असे त्यांचे स्वतःचे नेम होते. आई म्हणायची, मी वर्षभर भाकऱ्या थापते, ही काठी महिनाभर येते आणि लाड मात्र तिचे. अप्पा नुसते हसायचे. एकदा मी विचारलं, एवढं करता तर देवाकडं मागता तरी काय? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाले, "काय मागायचं? पेलाया मिळतंय की."

इकडे श्टुटगार्टच्या हॉस्पिटलात मी हाडांच्या वॉर्डात नर्स. ड्युटी, भाषेची परीक्षा, थंडी, सगळं अंगवळणी पडलं. व्हिडिओ कॉलवर अप्पा मोबाइल डोक्याच्या वर धरायचे आणि खालून त्याच्याकडे बघत बोलायचे. किती वेळा सांगितलं, अप्पा, समोर धरा. छे! मला दिसायची हनुवटी आणि मागे फिरणारा पंखा.

मग एका हिवाळ्यात आईचा फोन आला. अप्पांच्या मणक्यातली चकती सरकली होती, एका पायाला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली होती. हे डॉक्टरांपुढे मान हलवून आले आणि संध्याकाळी सरावाला गेले. आई म्हणाली, तू नर्स आहेस, तुझं ऐकतील, ये. रजा मिळवून मी आले. रिपोर्ट बघितले. काठीचा भार थेट कमरेवर येतो. एक पाऊल चुकलं असतं तर अप्पा कायमचे अंथरुणाला खिळले असते आणि गर्दीतल्या कोणाच्या डोक्यात काठी पडली असती ते वेगळंच.

मी सरळ भांडले. जे आजारी माणसाच्या घरच्यांना सांगते, ते सगळं त्यांना सांगितलं, वर दम दिला. ते शांतपणे बाराबंदीच्या नाड्या तपासत होते. शेवटी म्हणाले, "तू लांब चाललीस तवा मला लई वाटलं, म्हणावं हितंच ऱ्हा. म्हनलो का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, मला नाही जमणार, तुझं तू बघ.

अक्षतेच्या दिवशी ते नेहमीसारखे तयार होऊन गेले. आम्ही दोघी मागोमाग. आईने माझा दंड असा धरला होता की वळ उठले. अप्पांची पाळी आली. त्यांनी पट्टा हातात घेतला, काठीला कपाळ टेकवलं आणि तो पट्टा मल्लूच्या कमरेला आवळला. मल्लू म्हणजे त्यांनीच तयार केलेला गडी, मागावरचाच. त्याला काही माहीत नव्हतं, चेहरा पांढराफटक पडला त्याचा. अप्पा त्याच्या पुढे जाऊन त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "तू वर बघ. खालचं मी बघतो. ये सावकाश, मी हाय की."

आणि त्या सगळ्या वाटेवर माझा बाप उलट्या पावलांनी चालला. मल्लूच्या पायांवर नजर, हाताने गर्दी बाजूला सारत, खड्डा आला की सांगत. मी बाजूने चालत रडत होते, आणि ते मला लाजिरवाणं वाटलं नाही. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिले. त्यांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले, झोपेतच. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. मी पोचले तेव्हा माती दिलेली होती. मला अप्पांचा चेहरा बघायला मिळाला नाही, आणि हे मला अजून सोसत नाही.

आईला मी इकडे घेऊन येते म्हणाले, ती तयार नाही. घर कुठलं विचारलं तर मी अजूनही सोलापूर सांगते. तिकडे गेले की दोन दिवसांत इकडच्या वॉर्डाची आठवण येते, ते मात्र आईला सांगत नाही. आमच्याकडे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या बायका असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करायचं, दोन्ही हात धरायचे आणि आपण मागे मागे सरकत त्यांना पुढे आणायचं. 'लांगसाम, लांगसाम,' म्हणजे हळूहळू, असं दिवसभर म्हणायचं. परवा एक आजी घाबरल्या, पाऊलच उचलेनात. माझ्या तोंडून जर्मन काही निघेना.

"या सावकाश," मी म्हटलं, "मी हाय की."

त्यांना शब्द कळले नाहीत. पाऊल मात्र टाकलं.